शेजारच्या खुर्चीत कोण बसले आहे? कोल्हापुरात स्टँड-अप सुरू करणाऱ्यांसाठी

स्टँड-अप करू पाहणारी मुले-मुली आमच्या ओपन माइकला, म्हणजे नवोदितांसाठी खुल्या असलेल्या मंचावर, पहिल्यांदा येतात, तेव्हा बहुधा त्यांच्या मोबाइलमध्ये पाच मिनिटांचा मजकूर तयार असतो. तो त्यांनी मुंबई-पुण्याच्या कलाकारांचे व्हिडिओ पाहून बेतलेला असतो, रंकाळ्यावर मित्रांसमोर म्हणून पाहिलेला असतो आणि तिथे मित्र पोट धरून हसलेले असतात. मंचावर तोच मजकूर थंड जातो, आणि खाली उतरल्यावर ठरलेले वाक्य ऐकू येते : ‘पब्लिकला कळलंच नाही.’ कोल्हापुरात अशी लहान सत्रे भरवताना हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे आणि मागच्या रांगेत बसून प्रेक्षकांचे चेहरेही पाहिले आहेत. माझे निरीक्षण असे की, बहुतेक वेळा पब्लिकला विनोद नीट कळलेला असतो. त्यावर हसायची मोकळीक त्याला मिळालेली नसते. माणूस ज्या घरात, ज्या पेठेत, ज्या नात्यागोत्यात वाढला, तिथून ही मोकळीक येते. ती ओळखणे शिकता येते, आणि नवोदितांनी ते पंच, म्हणजे हशा पिकवणारी वाक्ये, घासूनपुसून नेटके करण्याच्याही आधी शिकावे, असे मला मनापासून वाटते.

पहिली पायरी : खुर्च्या पाहा

कार्यक्रमाच्या किमान अर्धा तास आधी पोहोचा आणि कोपऱ्यात मजकूर पुटपुटत बसण्याऐवजी दारापाशी उभे राहून कोण कोणाबरोबर येते आहे ते पाहा. माणसे प्रत्यक्ष आयुष्यात केव्हा हसतात, याच्या नोंदी रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी शास्त्रज्ञाने दीर्घकाळ ठेवल्या होत्या. एकटे असताना माणूस जितका हसतो, त्याच्या सुमारे ३० पट तो इतरांच्या सोबतीत हसतो, असे त्यांना आढळले. सोबत ही हसण्याची पहिली अट आहे खरी. पण हीच सोबत हसू अडवूनही धरते. कोल्हापुरात कार्यक्रमाला एकटा माणूस क्वचित येतो. कॉलेजचा घोळका येतो, तालमीतली पोरे येतात, नवे जोडपे येते, आणि सुट्टीच्या दिवशी आजीपासून नातवापर्यंत अख्खे घर येते. यातल्या प्रत्येकाची मोकळीक वेगळी असते, आणि ती त्याच्या शेजारच्या खुर्चीवर अवलंबून असते.

एका महिला मंडळाच्या वर्धापनदिनाला आमच्यातल्या एका अविवाहित मुलाने सासू-सुनेवरचा विनोद केला होता. विनोद नेटका होता, टायमिंगही चोख होते. तिसऱ्या रांगेत हिरव्या काठाची साडी नेसलेली पंचविशीतली एक बाई बसली होती. पंच पडला तसे तिचे डोळे हसले, ओठ मात्र मिटले गेले, आणि तिने मान किंचित डावीकडे वळवली. डावीकडे तिची सासू बसली होती, आणि सासूनेही त्याच क्षणी उजवीकडे पाहिले होते. दोघींची नजरानजर झाली आणि दोघींनी पुन्हा गंभीरपणे मंचाकडे तोंड केले. सभागृहात ठिकठिकाणी हेच घडले असावे, कारण त्या मुलाला पुढची काही सेकंदे फक्त पंख्यांची घरघर ऐकू आली.

काही महिन्यांनी तशाच एका कार्यक्रमात आमच्यातल्या एका विवाहित मुलीने तोच विषय स्वतःच्या तोंडून मांडला. लग्नानंतरची पहिली भाकरी तिने थापली, तेव्हा सासूबाईंनी ती उजेडात धरली आणि म्हणाल्या, ‘नकाशा झ्याक काढलाईस, आता भाकरी कर.’ या वाक्यावर सर्वांत आधी हसल्या त्या सभागृहातल्या सासवा, आणि त्या हसल्यावर सुनांना हसायला कोणाची आडकाठी उरली नाही. विषय तोच, गाव तेच, प्रेक्षकवर्गही जवळजवळ तोच. पण या वेळी बोलणारी स्वतः त्या नात्यात होती आणि पंच थोरल्या माणसाच्या पदरात पडला होता. ही युक्ती आपल्याकडे नवी नाही. १६व्या शतकात संत एकनाथांनी लिहिलेल्या एका प्रसिद्ध भारुडात सून भवानीला नवस बोलते आणि सासरच्या एकेका माणसाला दूर करण्याचे साकडे घालते. ते भारूड आजही देवळात, सासूच्या मांडीला मांडी लावून बसलेली सून मोकळेपणाने ऐकते, कारण गाऱ्हाणे तिचेच असते आणि सांगण्याची जागा देवाच्या दारातली असते.

तेव्हा आपल्या मजकुरातल्या प्रत्येक विनोदासमोर लिहून ठेवा की, हा ऐकताना कोण कोणाच्या शेजारी बसले तर हसू अडेल. बाप-लेक शेजारी असतील तर प्रेमप्रकरणाचा विनोद अडतो, मास्तर आणि विद्यार्थी एकाच सभागृहात असतील तर कॉपीचा अडतो, साहेब आणि कारकून असतील तर रजेचा अडतो. अशा वेळी विनोद टाकून देण्याची गरज नसते. बहुधा तो कोणाच्या तोंडी आहे एवढे बदलले तरी पुरते.

दुसरी पायरी : प्रेक्षकांच्या कानाला काय सवय आहे ते जाणून घ्या

स्टँड-अप हा प्रकार कोल्हापूरला नवा असला, तरी एका माणसाने उभे राहून शेकडो लोकांना हसवणे इथे अजिबात नवे नाही. तमाशाची रचना आठवा. आधी गण होतो, मग गौळण, मग बतावणी आणि शेवटी वग. गौळणीत मावशी प्रत्यक्ष कृष्णाला उलट बोलते, त्याची फिरकी घेते, आणि भाविक प्रेक्षक खळखळून हसतो. हे चालते, कारण त्याआधी त्याच मंचावर गणेशाला वंदन झालेले असते आणि थट्टा करणारा देवाचे अस्तित्व मानूनच थट्टा करतो आहे, याची खात्री प्रेक्षकाला पटलेली असते. तुमच्या सेटची, म्हणजे मंचावर सलग सादर करायच्या मजकुराची, पहिली दीड-दोन मिनिटे हा तुमचा गण आहे, असे समजा. तुम्ही कुठल्या गावचे, घरी कोण असते, इथे कसे पोहोचलात, हे प्रामाणिकपणे आणि स्वतःवर दोन विनोद करत सांगा. मुंबईच्या क्लबमध्ये कलाकार पहिल्याच वाक्याला पंच मारतो, तो तिथल्या प्रेक्षकाला आवडतो. इथे मात्र ‘कुणाचा पोरगा’ हे कळेपर्यंत पन्नाशीच्या पुढचा प्रेक्षक हाताची घडी सोडत नाही.

दुसरी सवय कथाकथनाची आहे. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तिघांनी गावोगाव कथाकथन करून महाराष्ट्राला हसवले, आणि त्यांतले शंकर पाटील तर याच जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीचे. त्या परंपरेत वाढलेल्या श्रोत्याला माणूस उभा राहताना पाहायचा असतो : त्याचा पटका, त्याची चाल, त्याची बोलायची ढब. दर पंधरा सेकंदांना एक पंच अशा बांधणीचा मजकूर त्याला दमवतो. म्हणून वय मिसळलेल्या प्रेक्षकांसमोर सुट्या विनोदांपेक्षा एक लांब किस्सा घ्यावा आणि त्यात एकच पात्र नीट रंगवावे.

तिसरी सवय कुस्तीच्या मैदानाची आहे, आणि तिच्याविषयी नवोदितांचा सर्वांत जास्त गैरसमज होतो. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात प्रेक्षक गप्प बसून कुस्ती पाहत नाही. तो मल्लाला डाव सांगतो, चुकला तर ओरडतो, जिंकला तर फेटा उडवतो. हाच प्रेक्षक तुमच्या कार्यक्रमाला येतो तेव्हा मध्येच ‘आवाज यिना’, ‘फुडं बोल की’ असे म्हणतो. इंग्रजी स्टँड-अपच्या जगात याला व्यत्यय मानतात आणि तो आणणाऱ्याचा पाणउतारा करायला कलाकाराला शिकवतात. इथे तसे केले, तर त्या माणसाबरोबर त्याची अख्खी रांग तुमच्यावर रुसते. त्याने बोलून तुमच्या खेळात भाग घेतलेला असतो. त्याला उत्तर द्या, ते चटकन द्या, आणि त्यात त्याचा मान राहील असे पाहा.

तिसरी पायरी : अपेक्षा कोणाची मोडते आहे, ते तपासा

हसू अपेक्षाभंगातून येते, ही कल्पना जुनी आहे. ताणलेली अपेक्षा अचानक शून्यात विरली की हसू उमटते, असे इमान्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७९० मध्ये लिहिले होते. आता अपेक्षाच नसेल, तर मोडणार काय? लोकल गाडीतल्या चौथ्या सीटवरचा विनोद इथल्या प्रेक्षकाला चित्रपटांमुळे कळतो, पण त्याच्या बरगड्यांना ती गर्दी ठाऊक नसते. तोच अनुभव वडापमध्ये, म्हणजे माणसे कोंबून नेणाऱ्या खासगी गाडीत, आणा : नऊ माणसांच्या जीपमध्ये सोळा बसलेली, ड्रायव्हर निम्मा दाराबाहेर, आणि तरीही ‘अजून एक बसतंय’ म्हणणारा किन्नर, म्हणजे गाडीचा क्लीनर. गडहिंग्लज-आजरा भागातला माणूस त्यावर हसण्याआधी नकळत अंग चोरून घेतो.

याच्या उलटही घडते. कोल्हापूर भागात अनेक स्त्रिया ‘मी जातो’, ‘मी आलो’ असे सहज म्हणतात. पुण्याहून आलेल्या एका कलाकाराने यावर तीन मिनिटे बोलून पाहिले. पुण्यात त्या तीन मिनिटांना भरपूर हशा मिळत असणार, यात मला शंका नाही. इथल्या प्रेक्षकाला मात्र यात विनोद कुठे आहे हेच दिसेना, कारण त्याची आई, बहीण, शेजारीण रोज तशाच बोलतात. त्याला एवढेच जाणवले की, आपल्या आईच्या बोलण्याला कोणीतरी हसते आहे. बोलीचे अनुकरण करणाऱ्याने हे विशेष लक्षात ठेवावे. तुम्ही इथले नसाल, तर कोल्हापुरी बोलून दाखवू नका. आपल्या बोलीत बोला आणि इथे आल्यावर तुमची जी फजिती झाली ती सांगा. इथली मिसळ बहुधा ब्रेडच्या स्लाइसबरोबर खातात. बाहेरचा माणूस मंचावर सहज ‘मिसळ-पाव’ म्हणून जातो आणि तिथेच ओळखू येतो. ते लपवण्यापेक्षा सांगितलेले बरे.

परदेशी व्हिडिओंवरून उचललेल्या विनोदांत आणखी एक खड्डा आहे. चुलत-मामे भावंडांच्या लग्नावर कुत्सित हसणे हा इंग्रजी विनोदातला नेहमीचा मसाला आहे. दक्षिण महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न ही जुनी, मान्य रीत आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये भारतीय नातेव्यवस्थेवर इंग्रजीत लिहिलेल्या ग्रंथात अशा विवाहपद्धतींची सविस्तर चर्चा केली आहे. हा विनोद कोल्हापुरात कराल, तेव्हा सभागृहात काही आई-बाबा स्वतः आते-मामे भावंडे असतील. मात्र त्याच रीतीच्या आतून पाहिले तर गमतीला तोटा नाही : मामाच्या घरी गेलेल्या भाच्याला सगळे ‘जावई’ म्हणून चिडवतात आणि बिचाऱ्याला आंबा मागायचीही लाज वाटते. हे घरातल्या माणसाने घरातल्या माणसांना सांगितलेले असते, आणि म्हणून ते चालते.

चौथी पायरी : थट्टेची नाती वापरा

ए. आर. रॅडक्लिफ-ब्राऊन या मानववंशशास्त्रज्ञाने १९४० मध्ये थट्टेच्या नात्यांविषयी एक महत्त्वाचा लेख लिहिला. काही नात्यांत थट्टा करणे नुसते चालतेच असे नाही, ते अपेक्षितच असते आणि समोरच्याने राग मानायचा नसतो, तर काही नात्यांत अदब पाळावीच लागते, असे त्याचे सार आहे. आपल्याला हे शिकवायला मानववंशशास्त्राची गरज नाही. दाजी आणि मेव्हणी, दीर आणि भावजय, आजोबा आणि नातू यांच्यात थट्टा चालते. सासरा आणि सून, थोरला दीर आणि धाकटी भावजय यांच्यात चालत नाही.

क्राउड वर्क करताना, म्हणजे प्रेक्षकांशी थेट बोलत विनोद करताना, तुम्ही समोरच्याला ज्या शब्दाने हाक मारता, त्या शब्दाने तुम्ही त्याच्याशी नाते जोडता. पन्नाशीच्या गृहस्थाला ‘काका’ म्हटले की तुम्ही पुतण्या झालात. आता त्यांची मर्यादा तुम्हाला पाळावी लागेल. त्यांनाच हसून ‘पाव्हणं, कुठल्या गावचं?’ असे विचारले, तर थट्टेचे दार उघडते, कारण पाव्हण्याची फिरकी घेण्याचा हक्क आपल्याकडे सर्वांना असतो. समवयस्क मुलाला ‘भावा’ म्हणा. स्त्रियांच्या बाबतीत अधिक सावध राहा : ‘मावशी’ आणि ‘ताई’ हे शब्द सुरक्षित आहेत, ‘वहिनी’ या शब्दात थट्टेचे नाते आहे, आणि शेजारी बसलेल्या नवऱ्याशी आधी दोन वाक्ये बोलल्याशिवाय तो वापरू नये. ‘अरे-तुरे’ फक्त तुमच्याहून उघडपणे लहान असलेल्याला करा. व्हिडिओत चालणारी कट्ट्यावरची शिवी इथेही मित्रांत प्रेमाची असते. पण तिची मोकळीक कट्ट्यापुरती आहे, आणि शिवी ऐकताना आईच्या शेजारी बसलेला तुमचा मित्रच सर्वांत आधी मान खाली घालतो.

पाचवी पायरी : जखम आणि श्रद्धा

पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरन या संशोधकांनी २०१० मध्ये असे मांडले की, एखादी गोष्ट एकाच वेळी खटकणारी आणि तरीही निरुपद्रवी वाटली की माणूस हसतो. खटकणे सगळीकडे सारखे असू शकेल. ‘निरुपद्रवी’ काय, हे मात्र ज्याने सोसले तो ठरवतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या महापुराने घरात पाणी शिरलेल्या माणसांकडून त्या दिवसांचे किस्से मी ऐकले आहेत, आणि ते सांगताना त्यांच्याच डोळ्यांत पाणी येईपर्यंत ते हसतात. पूर न पाहिलेल्याने त्यावर विनोद केला, तर ती माणसे दगडासारखी बसतात. १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभे राहिलेले आणि पुढे केशवराव भोसले यांचे नाव लाभलेले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले, तेव्हा इथल्या कलावंतांना घरचे माणूस गेल्यासारखे वाटले. त्या आगीवर विनोद करण्याआधी त्या मंचावर उभ्या राहिलेल्या एखाद्या ज्येष्ठ कलावंताशी अर्धा तास बोला, इतकेच मी म्हणेन.

आरक्षणावरचे महानगरी विनोद मी आमच्या मंचावर घेत नाही. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखण्याचा हुकूम काढला आणि निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी याच शहरात वसतिगृहे उभी राहिली. ६ मे २०२२ रोजी त्यांच्या स्मृतिशताब्दीला हे शहर १०० सेकंद स्तब्ध उभे राहिले होते. समोर बसलेल्या कितीतरी जणांच्या घरातला पहिला शिकलेला माणूस त्या वसतिगृहांत राहून शिकला आहे, आणि त्यांच्यासाठी हा घरचा इतिहास आहे. जातीवर बोलूच नये असे माझे म्हणणे नाही. ज्याने चटका सोसला त्याने बोलावे, आणि त्याचा रोख चटका देणाऱ्याकडे असावा.

पेठापेठांतल्या तालमींच्या नावाने खेळणाऱ्या फुटबॉल संघांच्या ईर्षेवर मात्र जरूर बोला, फक्त दोन्ही बाजूंचे खेळाडू सारखेच सोलून काढा. एकाच पेठेला झुकते माप दिले, तर अर्धे सभागृह हसेल आणि उरलेले अर्धे तुमचे नाव लक्षात ठेवील.

सहावी पायरी : हशा आणि टाळी यांत फरक करा

भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत : स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. पहिले दोन उत्तम प्रकृतीच्या, मधले दोन मध्यम प्रकृतीच्या आणि शेवटचे दोन अधम प्रकृतीच्या माणसांचे, अशी त्यांची वाटणी आहे. ही उतरंड आज मानण्याचे कारण नाही, पण तिच्यातून एक गोष्ट दिसते : कोणी किती मोठ्याने हसावे, हे समाज ठरवून देत होता, आणि आजही देतो. तोंडाला पदर लावून हसणारी आजी पुरेपूर हसलेली असते. तिचा आवाज तुमच्यापर्यंत पोहोचत नाही एवढेच. म्हणून कान आणि डोळे दोन्ही वापरा. खांदे हलताहेत का, माणसे शेजाऱ्याला कोपराने ढोसताहेत का, हे मंचावरूनही दिसते.

टाळीला भुलू नका. ‘जगात भारी, कोल्हापुरी’ म्हटले की टाळी पडते, तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचे नाव घेतले की शिट्टी पडते, आणि नवोदिताला वाटते की सेट गाजला. ती टाळी प्रेक्षकाने स्वतःच्या गावाला दिलेली असते. रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी ऐका आणि टाळ्या वगळून फक्त हशे मोजा. पाच मिनिटांत सहा-सात खरे हशे असतील, तर सुरुवात चांगली आहे.

सातवी पायरी : वही घेऊन सीमा ओलांडा

हाच सेट दुसऱ्या गावी नेण्याआधी वहीत प्रत्येक विनोदापुढे तीन गोष्टी लिहा : पहिल्यांदा कोण हसले, कोण शेजाऱ्याकडे पाहून हसले, आणि कोण हसायचे थांबले. कर्नाटकातले निपाणी इथून तासाभराच्या अंतरावर आहे, तिथेही मराठी बोलतात. तरी सीमाप्रश्नावरचे जे वाक्य कोल्हापुरात टाळी मिळवते, ते तिथल्या दुकानदाराला कानडी शेजाऱ्याच्या शेजारी बसून ऐकायचे असते. तिथे पहिल्या खेपेला नवा सेट घेऊन जाऊ नका. जुनाच सेट न्या, तिथल्या एखाद्या मित्राला तिसऱ्या रांगेत बसवा, आणि त्याला मंचाकडे पाठ करून प्रेक्षकांचे चेहरे पाहायला सांगा.